‘मॅग्नम’ म्हणजे नेमकं काय? वाईनच्या बाटलीवरून नाव पडलेल्या आणि शंभरी ओलांडलेल्या शिकारी काडतुसाची गोष्ट

साल १९०७. कुमाऊँमधल्या चंपावत भागात एका वाघिणीने लोकांचं जगणं मुश्कील करून टाकलं होतं. आधी नेपाळात आणि मग कुमाऊँमध्ये मिळून तिने ४३६ माणसं मारली होती. शेवटी जिम कॉर्बेट यांनी तिला टिपलं. ती मेल्यावर कॉर्बेट यांनी तिचं तोंड उघडून पाहिलं, तेव्हा उजव्या बाजूचे दोन्ही सुळे तुटलेले दिसले. वरचा अर्धा गेला होता आणि खालचा तर थेट हाडापर्यंत.

हे सुळे आपोआप तुटले नव्हते. पूर्वी कधीतरी कुणीतरी झाडलेल्या गोळीचा तो परिणाम होता. गोळी लागली, पण वाघीण मेली नाही. नेहमीची शिकार धरणं तिला अशक्य झालं आणि ती माणसांकडे वळली, असं कॉर्बेट यांनी लिहून ठेवलंय.

म्हणजे एक चुकलेला बार आणि त्यापायी ४३६ बळी!

शिकारीच्या बंदुकांचा इतिहास वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. कारण मोठ्या जनावरासमोर खरा धोका असतो तो जखमी होऊन झाडीत शिरलेल्या जनावराचा. त्या धोक्यावर उत्तर म्हणून जी हत्यारं बनली, त्यातलं सगळ्यात टिकाऊ उत्तर म्हणजे बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आणि तिच्यात बसणारं ‘.३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम’ हे काडतूस. १९१२ साली आलेलं हे काडतूस आजही बनतं, विकलं जातं आणि वापरलं जातं.

पण त्यात एवढं विशेष काय आहे? आणि मुळात ‘मॅग्नम’ म्हणजे काय? चला, सुरुवातीपासून समजून घेऊया.

आधी एक गोंधळ दूर करू : काडतूस म्हणजे गोळी नव्हे

बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण ते वेगळे आहेत. काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची नळकांडी, म्हणजे पुंगळी. तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी छोटी टोपी, म्हणजे प्रायमर. आत भरलेली दारू. आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी.

चाप ओढला की एक टोकदार पिन प्रायमरवर आदळते, ठिणगी पडते, दारू पेटते. तिचा वायू होतो आणि त्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर फेकली जाते. पुंगळी मागेच राहते. बातम्यांमध्ये ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ असं वाचतो ना, त्या याच.

.३७५ हा आकडा गोळीच्या जाडीचा आहे. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले ३७५, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर. जाणकार लोक याचा उच्चार ‘थ्री सेव्हन्टी फाईव्ह’ असा करतात.

मग ‘मॅग्नम’ कुठून आलं?

आज मॅग्नम म्हटलं की कुणाला आईस्क्रीम आठवतं, तर कुणाला ‘डर्टी हॅरी’ सिनेमातलं क्लिंट ईस्टवूडचं रिव्हॉल्व्हर. पण हा शब्द बंदुकांच्या दुनियेत आला तो वाईनच्या टेबलावरून!

लॅटिनमध्ये ‘मॅग्नम’ म्हणजे मोठं. वाईनची नेहमीची बाटली पाऊण लिटरची असते आणि तिच्या दुप्पट, दीड लिटरच्या बाटलीला मॅग्नम म्हणतात. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश बंदूक कारागिरांनी हा शब्द उचलला. नेहमीपेक्षा मोठी पुंगळी आणि तिच्यात जास्त दारू, म्हणजे मॅग्नम काडतूस.

इथे एक गंमत आहे. मॅग्नम ठरवायचं कुठलंही अधिकृत मोजमाप नाही. अमुक इतकी दारू असेल तरच मॅग्नम म्हणायचं, असा नियम कधीच नव्हता. शब्द आला तो थोडा तांत्रिक आणि बराचसा जाहिरातीचा म्हणून. एखाद्या कंपनीचं मॅग्नम दुसऱ्या कंपनीच्या साध्या काडतुसापेक्षा कमी ताकदीचं असू शकतं.

बोल्ट अ‍ॅक्शन : दाराची कडीच जणू

आता रायफलीकडे वळू. बोल्ट अ‍ॅक्शन हे नाव अवघड वाटलं तरी त्यातली कल्पना तुमच्या घरच्या दारावरच आहे.

दाराचा टॉवर बोल्ट आठवा. दांडा वर उचलायचा, मागे ओढायचा, पुन्हा पुढे ढकलायचा आणि खाली पाडायचा, की दार पक्कं बंद. रायफलीत हेच होतं. दांडा उचलून मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. पुढे ढकलला की खालच्या मॅगझिनमधलं नवं काडतूस उचलून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात बसवलं जातं. दांडा खाली पाडला की बोल्टच्या पुढच्या टोकाचे जाड पोलादी कान खाचेत अडकतात आणि सगळं कुलूपबंद होतं.

हे कुलूप महत्त्वाचं का? कारण दारू पेटल्यावर वायूचा दाब जितका पुढे असतो तितकाच मागेही असतो, आणि मागे बंदूक चालवणाऱ्याचा चेहरा असतो.

या यंत्रणेचा सगळ्यात गाजलेला नमुना म्हणजे जर्मन कारागीर पॉल माउझर यांची १८९८ची रायफल. तिच्या बोल्टला पुढे दोन कान आणि मागे सुरक्षेसाठी तिसरा कान होता. शिवाय बोल्टच्या अंगाने एक लांब पोलादी नखी होती. काडतूस मॅगझिनमधून वर आलं रे आलं की ही नखी त्याची कड पकडते आणि पुंगळी बाहेर फेकली जाईपर्यंत सोडत नाही. घाबरलेल्या हाताने बोल्ट अर्धवट ओढला, रायफल तिरकी झाली, तरी काडतूस निसटत नाही. समोरून रेडा धावून येत असेल तर या नखीची किंमत कळते.

बोल्ट अ‍ॅक्शनची मर्यादाही उघड आहे. प्रत्येक बारानंतर हात हलवावा लागतो. २००८च्या २६/११च्या रात्री सीएसटी स्थानकावर पोलिसांच्या हाती .३०३ रायफली होत्या. त्याही बोल्ट अ‍ॅक्शनच. समोर मात्र एके-४७ होत्या. युद्धात आणि चकमकीत ही यंत्रणा का मागे पडली, हे त्या रात्री सगळ्या देशाने पाहिलं. शिकारीत मात्र दहा गोळ्यांपेक्षा पहिली गोळी महत्त्वाची असते. म्हणून तिथे बोल्ट अ‍ॅक्शन टिकून राहिली.

लंडनच्या दुकानासमोरचा प्रश्न

१८३५ साली लंडनमध्ये सुरू झालेली हॉलंड अँड हॉलंड ही राजेरजवाड्यांना बंदुका पुरवणारी कंपनी. तिचे गिऱ्हाईक आफ्रिकेत आणि हिंदुस्थानात शिकारीला जात. त्या काळी मोठ्या जनावरासाठी ‘डबल रायफल’ वापरत, म्हणजे शेजारी शेजारी दोन नळ्यांची जड बंदूक. दोन्ही नळ्यांचा नेम एकाच जागी जुळवणं हे आठवड्यांचं कसबी काम असल्याने ती भयंकर महाग पडे.

भारताची बाजारपेठ या कारागिरांसाठी किती मोठी होती, हे एका गोष्टीवरून कळतं. २०व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने भारतात .४५० जाडीच्या रायफलींवर बंदी घातली. जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री बंदुकांना त्याच जाडीच्या गोळ्या चालत आणि त्या बंडखोरांच्या हाती पडण्याची भीती होती. एवढ्या एका आदेशामुळे ब्रिटिश कंपन्यांनी .४६५, .४७०, .४७५ अशी नवी काडतुसंच बाजारात आणली!

दरम्यान जर्मन बनावटीच्या माउझर रायफली स्वस्त, मजबूत आणि चार-पाच काडतुसं घेणाऱ्या होत्या. १९०५मध्ये जर्मनीत ओटो बॉक यांनी ९.३ मिलिमीटरचं काडतूस काढलं आणि आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं. १९११मध्ये लंडनच्याच रिग्बी कंपनीचं .४१६ आलं. आता हॉलंड अँड हॉलंडला उत्तर देणं भाग होतं.

१९१२मध्ये ते उत्तर आलं : .३७५ मॅग्नम. बोल्ट अ‍ॅक्शनसाठी एक आवृत्ती आणि डबल रायफलसाठी रुंद कडेची दुसरी. कल्पना अशी की हरणापासून हत्तीपर्यंत सगळ्यासाठी एकच रायफल पुरावी.

उन्हाचा त्रास आणि बुडाचा पट्टा

हे काडतूस हातात घेतलं तर दोन गोष्टी डोळ्यात भरतात. एक, पुंगळी वर निमुळती होत जाते. दोन, बुडाजवळ पितळेचा एक जाड पट्टा असतो. दोन्हीचा संबंध एकमेकांशी आहे आणि निमुळतेपणाचा संबंध उन्हाशी!

त्या काळी दारू म्हणून कॉर्डाइट वापरत. शेवयांसारख्या लांब काड्यांची ही दारू तापमानाला फार हळवी होती. लंडनच्या थंडीत शहाण्यासारखं वागणारं काडतूस आपल्या चंद्रपूरसारख्या ठिकाणी मे महिन्याच्या उन्हात तापलं, तर दाब वाढे. दाब वाढला की पितळेची पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला चिकटून बसते. बोल्ट ओढला तरी ती निघत नाही. दुसरा बार काढता येत नाही आणि जनावर तर समोर उभं!

यावर उपाय म्हणून पुंगळी निमुळती केली. एकात एक बसलेले निमुळते पेले जसे थोडं ओढताच सुटतात, तशी ही पुंगळी चटकन सुटते.

पण निमुळतेपणाने दुसरा प्रश्न उभा केला. काडतूस चेंबरमध्ये नेमकं किती आत जाऊन थांबायचं? साध्या काडतुसाला वर खांदा असतो, तो चेंबरच्या खांद्यावर टेकतो. .३७५चा खांदा इतका उतरता की त्यावर भरवसा ठेवता येईना. म्हणून बुडाशी पट्टा दिला. मोदक उकडताना पातेल्यात ठेवलेल्या चाळणीची कड जशी काठावर अडकते आणि चाळण आत पडत नाही, तसा हा पट्टा चेंबरच्या कडेवर अडकतो. काडतूस दर वेळी त्याच जागी थांबतं.

लांबीही नेहमीपेक्षा जास्त होती. सैन्याच्या माउझर काडतुसाची लांबी साधारण ८० मिलिमीटर, तर याची सुमारे ९१. त्यामुळे साध्या माउझर यंत्रणेत ते बसत नसे. त्यासाठी लांब बनवलेली ‘मॅग्नम माउझर’ यंत्रणा लागे.

आता थोडे आकडे

.३७५ची नेहमीची जड गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास. ती नळीतून सेकंदाला जवळपास ७७० मीटर वेगाने निघते. आवाजाच्या वेगाच्या दुपटीहून जास्त! तेव्हा तिच्यातली ऊर्जा साधारण ५८०० जूल भरते. एके-४७च्या गोळीत ही ऊर्जा सुमारे २००० जूल असते. म्हणजे जवळजवळ तिप्पट.

आणखी एक गुण शिकाऱ्यांना आवडला. २३५, २७० आणि ३०० ग्रेन अशा तिन्ही वजनांच्या गोळ्या नेहमीच्या अंतरावर साधारण एकाच जागी लागत. गोळी बदलली म्हणून दर वेळी नेमाची जुळणी बदलायला नको.

अमेरिका आली आणि पट्ट्याची फॅशन झाली

१९२५मध्ये कंपनीने याच पुंगळीचं तोंड बारीक करून .३०० मॅग्नम काढलं. १९३५ साली अमेरिकेतल्या कॅम्प पेरीच्या नेमबाजी स्पर्धेत बेन कम्फर्ट यांनी त्याच काडतुसाने १००० यार्डांवरचा विम्बल्डन कप जिंकला आणि अमेरिकेत मॅग्नमची चर्चा सुरू झाली. लगोलग विंचेस्टर कंपनीची ‘मॉडेल ७०’ ही रायफल आली आणि .३७५ व .३०० ही दोन्ही मॅग्नम तिच्यात मिळू लागली. कारखान्यात बनणारी ही रायफल साध्या माणसाच्या आवाक्यातली होती. जे काडतूस आधी श्रीमंतांच्या महागड्या रायफलीत असे, ते आता अमेरिकेतल्या दुकानात मिळू लागलं.

१९६४मध्ये विंचेस्टरने खर्च वाचवायला मॉडेल ७०मधली माउझरची ती प्रसिद्ध नखीच काढून टाकली. शिकारी इतके भडकले की ‘चौसष्टच्या आधीची’ रायफल हा एक वेगळा, महाग प्रकारच बाजारात तयार झाला. शेवटी १९९०च्या दशकात कंपनीला नखी परत आणावी लागली!

तिकडे कॅलिफोर्नियात रॉय वेदरबी हा पूर्वी विमा विकणारा माणूस ‘वेग म्हणजेच ताकद’ म्हणत आणखी जोरदार मॅग्नम बनवत होता. मग रांगच लागली. १९५६ला .४५८, १९५८ला .३३८, १९६२ला ७ मिलिमीटर, १९६३ला .३०० विंचेस्टर. या सगळ्या मॅग्नमना .३७५चाच पट्टा होता.

पण यातल्या बहुतेकांचा खांदा चांगला ठळक होता. त्यांना पट्ट्याची खरं तर गरजच नव्हती. तरीही पट्टा राहिला, कारण लोकांच्या मनात पट्टा म्हणजे मॅग्नम हे समीकरण बसलं होतं. एका अडचणीचा उपाय पुढे जाऊन नुसती ओळख बनून राहिला.

मोठं काडतूस घेतलं म्हणून नेम लागतो का?

इथे एक स्कॉटिश माणूस भेटतो. वॉल्टर बेल. आफ्रिकेत ‘करामोजो बेल’ म्हणून ओळखला जाणारा. त्याने हस्तिदंतासाठी हजाराहून जास्त हत्ती मारले. आज हा आकडा वाचूनच अंगावर काटा येतो. पण यातले बहुतेक हत्ती त्याने कुठल्या काडतुसाने मारले? .२७५ने. मॅग्नमच्या मानाने कितीतरी हलकी गोळी!

हे जमलं कारण बेल हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कुठे असतो ते शिकला होता. गोळी जिथे लागायला हवी तिथेच लावायची, हे त्याचं सगळं रहस्य. कॉर्बेट यांना चंपावतच्या वाघिणीबद्दल सरकारकडून भेट मिळालेली रिग्बी रायफलही त्याच .२७५ जातीची बोल्ट अ‍ॅक्शन होती.

मग मॅग्नम हवंच कशाला? कारण प्रत्येक जण बेल नसतो. जनावर तिरकं उभं असतं, मध्ये फांदी येते, हात थरथरतो. अशा वेळी जड गोळी जाड कातडी आणि हाडं भेदून आतपर्यंत पोहोचते. चुकीला थोडी जागा मिळते. थोडीच, फार नाही.

आणि त्या जागेची किंमत खांद्याला द्यावी लागते. गोळी जितक्या जोरात पुढे जाते, तितक्या जोरात बंदूक मागे येते. न्यूटनचा तिसरा नियम मॅग्नमलाही लागू आहे. सारख्या वजनाच्या रायफलीत .३७५चा धक्का नेहमीच्या हरणाच्या रायफलीच्या दुपटीच्या घरात असतो. हा धक्का एकदा बसला की पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच शरीर आकसतं, डोळे मिटतात आणि नेम हलतो. म्हणजे ताकदीसाठी घेतलेलं काडतूसच जनावर जखमी करण्याचं कारण ठरू शकतं.

.३७५ टिकलं ते याच ठिकाणी. ते सगळ्यात ताकदवान कधीच नव्हतं. पण बहुतेक माणसांना सराव करून पेलता येईल अशी ती वरची मर्यादा होती. म्हणूनच आफ्रिकेत जिथे शिकारीला कायदेशीर परवानगी आहे, तिथल्या अनेक देशांत हत्ती, रेडा अशा धोकादायक जनावरांसाठी .३७५ किंवा त्याच्या आसपासची जाडी हीच किमान अट आहे. याहून लहान रायफल घेऊन जाऊच नका, कारण जखमी जनावर मागे सोडाल, असा त्याचा अर्थ.

आणि भारतात?

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीचा विषयच संपवला. एखादा वाघ माणसाच्या जिवावर उठला, तरी त्याला कुणीही उठून मारू शकत नाही. त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही, अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री पटली आणि त्यांनी कारणांसह लेखी आदेश दिला, तरच गोळी झाडता येते. त्यामुळे आज भारतात वाघासमोर पहिल्यांदा उभी राहते ती बेशुद्धीचं इंजेक्शन फेकणारी बंदूक.

पण मूळ प्रश्न तोच आहे. इंजेक्शनची सुई असो की साडेएकोणीस ग्रॅमची गोळी, ती नेमक्या जागी लागली नाही तर जनावर बिथरून झाडीत शिरतं आणि त्याची किंमत गवत कापायला, मोहाची फुलं वेचायला गेलेलं गावातलं माणूस मोजतं.

मॅग्नमचा अर्थ मोठं. पण चंपावतच्या वाघिणीचे ते तुटके सुळे सांगतात की जंगलात मोठेपणा काडतुसाचा नसतो. ज्याला नेमाची खात्री नसताना चापावरचं बोट काढून घेता येतं, त्याचा असतो.